शेवटचं शिखर मुद्दाम सोपं ठेवलं होतं

झाली एकदाची शिखरांची यादी पूर्ण. नऊपैकी नऊ! पचमढीहून परत येऊन आठवडा झाला, रोज रात्री लिहीन लिहीन म्हणते आणि झोपी जाते. आज बँकेला सुट्टी आहे, स्वयंपाक आटोपला, आई गच्चीवर उन्हात संत्री सोलत बसली आहे, म्हणून आता सगळं लिहूनच उठणार.

आधी थोडं मागचं सांगते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये बँकेतल्या दोघीजणींसोबत मी कळसूबाई चढले. तोपर्यंत माझा डोंगर म्हणजे शहरातली सेमिनरी हिल्सची टेकडी. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, चहूकडे सपाट, आणि कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून नाशिक रोडला उतरलो, तिथून जीपनं बारी गावात गेलो आणि पहाटे अंधारात चढायला लागलो. लोखंडी शिड्यांवर हात इतके गार पडले की बोटं वळेनात. पण वर देवीच्या देवळापाशी उभी राहिले, सूर्य वर आला, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकायला लागलं आणि मला काय झालं माहीत नाही, मी रडले. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा आपण काहीतरी फक्त आपल्यासाठी केलं असं वाटलं होतं. खाली बारीत ज्या दादांच्या घरी आम्ही नागलीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, त्यांच्याच ओट्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर मी यादी लिहिली.

नियम दोनच. शिखर चार हजार फुटांच्या वरचं पाहिजे, आणि माथ्यापर्यंत गाडी जाता कामा नये, पायीच चढावं लागलं पाहिजे. म्हणून सातपुड्यातलं सगळ्यात उंच धूपगड, १३५० मीटर, यादीत नाही, तिथं जिप्सी थेट वर जाते. कळसूबाई, तारामती, रतनगड, तोरणा, राजगड, धोडप, अस्तंभा, साल्हेर, आणि नववं पचमढीचं चौरागड.

चौरागड शेवटी का, हे मला पुष्कळांनी विचारलं. अहो, लोक कठीण शिखर शेवटी ठेवतात ना, आणि त्याला तर माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत! मी ते जाणूनबुजून ठेवलं होतं. शेवटच्या चढाईला माझ्यासोबत सगळे पाहिजे होते. साल्हेरला मी कोणाकोणाला नेणार? तारामतीला माझी आई येऊ शकली असती का? आणि ज्यांच्यामुळे मी चढू शकले त्यातले अर्धे लोक कधी कोणत्याच डोंगरावर गेलेले नव्हते.

मधल्या सगळ्या शिखरांचं वर्णन करत बसत नाही, लॉकडाऊनमध्ये तर सव्वा वर्ष नुसत्या बिल्डिंगच्या जिन्यावरच गेलं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्यानं भरलेल्या बाटल्या, चार मजले वर चार मजले खाली. पण दोनतीन गोष्टी सांगायच्याच आहेत.

एक धोडप. २०२३ च्या जानेवारीत. समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत नुकताच सुरू झाला होता त्यामुळे पहिल्यांदाच गाडीनं गेलो. चढून झालं, माथ्यावरची ती काळ्या कातळाची भिंत आणि तिच्यातली खाच जवळून पाहिली, आणि उतरताना भुसभुशीत मुरमावरून पाय सरकला. उजवा गुडघा. नागपुरात एका डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी एक्सरेकडे बघत बघतच सांगितलं, आता या वयात डोंगर बंद. मी गाडीत बसून नवऱ्याला म्हटलं, ती वही फेकून दे. त्यानं फेकली नाही, कपाटात ठेवली. मग सेमिनरी हिल्सला आमच्यासोबत सकाळी फिरायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला हाताखाली घेतलं. सात महिने रोज सकाळी पाऊण तास व्यायाम, मांडीचे स्नायू आधी तयार करायचे मग चालायचं मग पायऱ्या मग उतार. फी विचारली तर म्हणाल्या, नववं शिखर दाखवा मला, तीच फी.

दुसरं अस्तंभा. हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून लिहिते. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला, १३२५ मीटर, सातपुड्याच्या महाराष्ट्रातल्या भागातलं सगळ्यात उंच शिखर. अश्वत्थाम्याचं ठाणं मानतात तिथं, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. रात्री हजारो आदिवासी बांधव चढतात, अंधारात डोंगरावर दिव्यांची ओळच्या ओळ हलत असते. २०२४ ला आम्ही त्या रांगेत होतो. एका आजीनं मला न विचारताच स्वतःची काठी दिली आणि आपण तशीच पुढे गेली. ती काठी अजून माझ्याकडे आहे.

तिसरं साल्हेर. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १६७२ ची मराठ्यांची मोठी लढाई ह्याच्याच पायथ्याशी झाली. पहिल्या वेळी सप्टेंबरात गेलो आणि साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून परत फिरलो. धुकं इतकं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना, कातळात कोरलेल्या पायऱ्यांवरून पाणी वाहून राहिलं होतं. एवढ्या लांब जाऊन परत फिरताना घशात दाटून आलं होतं, पण तो निर्णय बरोबर होता, आजही तेच करीन. यंदा नोव्हेंबरात स्वच्छ उन्हात पुन्हा गेलो आणि माथ्यावर परशुरामाच्या देवळापाशी पोचलो. आठ झाली. त्याच रात्री मी सगळ्यांना फोन केले, डिसेंबरचा दुसरा शनिवार मोकळा ठेवा.

आणि कोण कोण आले! नवरा, मुलगी, आई, सेमिनरी हिल्सच्या ग्रुपमधले निवृत्त गुरुजी आणि काकू, फिजिओ ताई, त्यांचा पोट्टा आणि त्याचा एक मित्र, बँकेतल्या माझ्या दोघी, ज्या कळसूबाईला होत्या त्याच. आणि बारीचे दादा! त्यांना मी सहज म्हणून फोन केला होता. ते म्हणाले, "ताई, आमी महादेव कोळी. तुमी महादेवाला चालल्या अन मला सांगितलं, मंग मी घरी बसू का?" गुरुवारी रात्री नाशिक रोडहून गाडीत बसले आणि शुक्रवारी सकाळी नागपूर स्टेशनवर उतरले, खांद्यावर पाच किलो नागलीचं पीठ. बारीतून कळसूबाईवर किती वेळा गेले असतील ह्याची त्यांना मोजदाद नाही, पण दुसऱ्या कुठल्या शिखरावर नुसतं चढायचं म्हणून ते कधी गेले नव्हते. ड्रायव्हर भाऊ धरून आम्ही १३ जण.

शुक्रवारी दुपारी टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि वर पचमढी. सौंसरपर्यंत तर दुकानात मराठीच बोलतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आपण मध्य प्रदेशात आलो हे पाट्या वाचल्यावर कळतं. काकूंनी डबा उघडला, सांबारवड्या! हिवाळ्यात कोवळा सांबार स्वस्त झाला की नागपुरात घरोघरी होतात त्या, आत सांबार खोबरं खसखस आणि वरून चिंचगुळाची कढी. दादांनी पहिल्यांदा खाल्ली, चार खाल्ल्या, मग विचारलं हा सांबार म्हणजे काय, तर कोथिंबीर म्हटल्यावर ते किती वेळ त्या वडीकडं पाहत होते.

सामान चढवताना आईनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट आणलं होतं, ते ती सीटखाली ठेवू देईना, स्वतःच्या मांडीवर आडवं धरून बसली. मला वाटलं काठी असेल. मी विचारलंही नाही.

पचमढी हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात तिथली थंडी म्हणजे नागपूरच्या थंडीची मोठी बहीण. सकाळी सहाला बाहेर आलो तर मोबाइल ५ डिग्री दाखवून राहिला होता, सगळ्यांच्या तोंडातून वाफा, लॉजसमोरच्या गवतावर पांढरट थर. पोट्टे गाडीच्या काचेवर बोटानं नावं काढत होते. आईनं स्वेटरवर स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात माझे जुने ट्रेकिंगचे बूट. ताईंनी तिला महिनाभर आधी तयार केलं होतं, रोज जिन्याचे दोन मजले, नंतर चार, मग रामटेकच्या गडाच्या पायऱ्या दोनदा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विदर्भातल्या माणसांसाठी पचमढी हे हिल स्टेशन नंतर, आधी मोठा महादेव. आमच्या आजीच्या पिढीत पचमढी हा शब्दच नव्हता, "महादेवाले गेलो होतो" एवढंच. महाशिवरात्रीला आपल्याकडून लाखांनी माणसं जातात, पूर्वी बैलगाड्या करून आणि पायी. श्रावणात नागपंचमीच्या वेळी नागद्वारीची यात्रा वेगळी. नवस फेडणारे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, काही काही त्रिशूळ तर माणसापेक्षा उंच असतात.

मोठ्या महादेवाच्या गुहेत दर्शन घेतलं, आत बारा महिने वरून पाणी टपकतं, पाय बर्फ झाले. तिथून चौरागडची वाट सुरू होते, साडेतीनेक किलोमीटर, आधी झाडीतून वरखाली आणि मग पायऱ्या, तेराशेच्या आसपास. मला सगळ्यात आधी जाणवला तो दगड. पाच वर्षं मी सह्याद्रीचा काळा बेसाल्ट चढले, उन्हात तापणारा, ओला झाला की घसरडा. इथला वालुकाश्म लालसर, हात लावला तर खरखरीत, वाळूचे कण बोटाला लागतात. दादांनी तर एक खडा उचलून दोन दगडांमध्ये घासून पाहिला. म्हणाले, "ह्यो आमच्या दगडापरीस मऊ हाये." सह्याद्री लाव्ह्याचा, आणि हा नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा, गुरुजींनी पोट्ट्यांना तिथंच भूगोलाचा तास घेतला आणि पोट्ट्यांनी चक्क ऐकला.

आईची चाल मी ठरवून दिली होती. पन्नास पायऱ्या, दोन मिनिटं उभं राहायचं, बसायचं नाही, बसलं की गुडघे आखडतात. ताई तिच्या मागे, मी पुढे. पहिल्या दोनशेनंतर ती म्हणाली, "तू काहून पुढं पुढं पाहून राहिली वं? तू चाल. मी येतो." मी म्हटलं, मला घाई नाही. खरंच नव्हती. साल्हेरला मी घड्याळ पाहत चढले होते, अंधार पडायच्या आत उतरायचं होतं. इथं दिवस पूर्ण आमचा होता. पायऱ्यांच्या कडेला माकडं बसलेली, एकानं गुरुजींच्या हातातला पेरू नेला. मधल्या टपरीवर लिंबूपाणी विकणारी बाई आईला म्हणाली, अम्मा कहाँ से, आईनं सांगितलं नागपूर, तर ती म्हणाली तुमच्याकडचेच तर येतात सगळे.

ते लांबट गाठोडं आईनं कोणालाच घेऊ दिलं नाही. दादा दोनदा म्हणाले, आई द्या इकडं. नाही. सहाशेव्या की सातशेव्या पायरीवर ती थांबली, श्वास लागला होता, एका हातात माझी अस्तंभ्याची काठी, दुसऱ्या हातानं ते छातीशी धरलेलं. मी जरा चिडूनच म्हटलं, आई काय आहे त्यात, दे ना माझ्याकडे. मग तिनं सांगितलं.

आमचे आजोबा काटोलकडच्या गावाहून दर शिवरात्रीला महादेवाला यायचे. आई नऊ वर्षांची असताना एकदाच तिला सोबत आणलं होतं, ह्याच वाटेनं, अर्ध्याच्या वर खांद्यावर बसवून. पुढच्या वर्षी माझ्या मामाला टायफॉइड झाला, वाचतो की नाही अशी वेळ आली, आजोबांनी नवस बोलला, पोरगं उठून बसलं तर त्रिशूळ चढवीन. मामा उठला. पण त्याच उन्हाळ्यात आजोबा बैलगाडीवरून पडले, पाय मोडला तो नीट जुळलाच नाही, आणि ते पुन्हा कधी येऊ शकले नाहीत. आईचं लग्न झालं, संसार, आम्ही, बाबांचं आजारपण. साठ वर्षं.

"तू यादीत चौरागड लिहिलं तवाच मी ठरोलं होतं," आई म्हणाली. "इतवारीतून घेऊन आली मी. तुले सांगतली असती तर तू म्हटली असती मी नेतो. मलेच न्यायचा होता."

मी काहीच बोलले नाही. तिच्या मागे गेले. आता ती पुढे.

उरलेल्या पायऱ्या ती तिच्या चालीनं चढली, कधी वीस कधी सत्तर, माझं पन्नासाचं गणित संपलं. ग्रुपमधले पुढे गेलेले लोक वर जाऊन बसले नव्हते, शेवटच्या वळणावर सगळे थांबून होते, ड्रायव्हर भाऊसुद्धा. काकूंनी मोठ्यानं म्हटलं, हर बोला! आणि सगळे ओरडले, महादेव! माझी मुलगी, जी एरवी लोकांसमोर मोठ्यानं बोलत नाही, सगळ्यात जोरात तीच.

वर देवळाभोवती त्रिशूळच त्रिशूळ, हजारोंनी, गंजलेले, नवे, शेंदूर लावलेले, एकमेकांना टेकून उभे, वारा आला की बारीक किणकिण होते. आईनं लुगडं सोडलं. हातभर लांबीचा साधा लोखंडी त्रिशूळ. तिनं हळदकुंकू लावलं आणि त्या गर्दीत एक फट शोधून उभा केला. मग मला म्हणाली, "मामाले फोन लाव." रेंजची एक काडी होती. मामा पुण्याला असतो, आता पासष्टीचा आहे. आई त्याला एवढंच म्हणाली, "बाबाचा त्रिशूळ लागला रे." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. फोन कटला नव्हता, सेकंद पुढे सरकून राहिले होते.

माझं शिखर त्यानंतर झालं म्हणा. नवऱ्यानं सॅकमधून वही काढली, तीच, कपाटात ठेवलेली, आणि मी मागच्या पानावर नवव्या ओळीपुढे खूण केली. ताईंना म्हटलं, ही घ्या तुमची फी. ताईंनी चष्मा काढून पुसला. समोर धूपगड, खाली निळ्या पडत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, सालाचं आणि सागाचं जंगल. आम्ही गारठलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि ठेचा काढला. रोडगे आदल्या दिवशी घरीच गोवऱ्यांवर भाजून आणले होते, जंगलात आग करायची नाही हे आधीच ठरलेलं. दादांनी नागलीच्या भाकऱ्याही भाजून घेतल्या होत्या लॉजवाल्याच्या चुलीवर, कधी उठले होते देव जाणे.

कोणाला जायचं असेल तर एकच सांगते, घरातल्या मोठ्या माणसांना न्यायचं असेल तर हिवाळ्यातला साधा दिवस निवडा, यात्रेत नका नेऊ, आणि पहाटेच निघा. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, आईला आम्ही बऱ्याच पायऱ्या तिरक्या पावलानं उतरवलं, दीडेक तास जास्त लागला पण दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत होती.

रविवारी रात्री नागपूर. दादांची गाडी सोमवारी संध्याकाळची होती. झोपायला जाताना त्यांनी विचारलं, ताई तुमी सराव कुठं करता, इकडं तर डोंगूर दिसला नाही मला. म्हटलं सकाळी दाखवते. सहाला त्यांना घेऊन सेमिनरी हिल्सला गेले. गुरुजी आणि ताई नेहमीच्या जागी उभेच होते. वर पोचलो, खाली फुटाळा तलावावर धुकं होतं, मागे शहराचे दिवे अजून विझले नव्हते. दादांनी सगळीकडे नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"इथून?"

"हो दादा, इथूनच."

त्यांनी मफलर घट्ट बांधला. "चला मंग, आजून एक फेरी मारू."